पूर्ण वाफ

जळगाव, २० मे १९९७

अक्का, तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला हटला का? लताबाईचं बाळंतपण सुखरूप झालं ना? पुनाचा मोडलेला हात आता घास उचलतो का? ही रोजनिशी महिनाभराने तुलाच धाडणार, म्हणून आधी विचारून घेतो.

मी मजेत. केळी बागायतदार संघाने हवामानाची खोली माझ्या हवाली केलीय. पंखा आहे, कॉम्प्युटर आहे. शाळा चौथीपर्यंत, धुळ्याच्या गच्चीवर चाळीस वर्षं वारा मोजला, आणि म्हातारपणी खुर्ची मिळाली बघ. चिटणीस लीलाधरभाऊ म्हणाले, आबा, खुर्चीत डुलकी लागली तर पाऊस आम्ही मोजू.

२२ मे

काम समजलं. समुद्रात चक्रीवादळ उठलं की त्याचे आकडे मशीनला भरायचे. मग आपण ठरवायचं, ढगात चढलेली वाफ उष्णता किती सोडते असं धरायचं, ‘अर्धी’ की ‘पूर्ण’. उष्णता जास्त तर वादळाला बळ जास्त. तेच वादळ अर्धीवर साठचा वारा दाखवतं आणि पूर्णवर छपरं उडवतं. मशीनला त्यातलं काही कळत नाही. निवडेल त्याने वहीत आपलं नाव लिहायचं, असा इथला रिवाज.

गेल्या जूनच्या पानावर छगनचं नाव आहे. पुढे लिहिलंय, अर्धी.

२५ मे

खोली झाडायला तानुबाई येते, छगनची बायको. गेल्या वर्षी वादळ तापीच्या खोऱ्यातून वर आलं. छगनने हलका वारा सांगितला, म्हणून माणसं केळीच्या गोदामातच थांबली. पत्रे सुटले. सहा गेले, छगनही त्यांच्यात. लोक अजून तिच्या दारात थुंकतात. ती म्हणाली, त्यांना पूर्णच धरायची होती, पण धुळ्याचा कुणी आबा फोनवर म्हणाला, अर्धी कर. मग मला विचारलं, तुमी बी धुयाना शेतस ना, वयखतस का त्याले?

मी म्हणालो, नाही, ओळखत नाही.

अक्का, तो मीच. आपल्या वळवाचे ढग कोरडे, त्यांची वाफ वाटेतच विरते. तोच ठोकताळा मी समुद्राच्या ढगाला लावला. माझ्या वयाचा मान राखून पोर गप्प बसलं. मेल्यावर शिव्याही त्यालाच. मी वर्षभर तोंड शिवून बसलो.

२९ मे

समुद्र शांत आहे. मी काहीच भरलं नव्हतं, तरी भर दुपारी प्रिंटर सुरू झाला. वादळ सुरतेजवळ. पूर्ण. निवडणारा छगन. लीलाधरभाऊ हसले, म्हणाले जुना कागद अडकला असेल, मेलेला माणूस नोकरीवर येतो का आबा.

१ जून

काल नंदुरबार. आज दोंडाईचा, ताशी एकशे दहा. लीलाधरभाऊंनी तिकडे फोन लावला. तिथे लख्ख ऊन. इथेही केळीचं पान हलत नाही. फक्त माझ्या अंगातला सदरा फडफडतोय.

३ जून

एरंडोल. एकशे चाळीस. प्रिंटरची वायर काढली तरी कागद येतोच.

तानुबाईला सगळं सांगायला गेलो. तिने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, माले माहीत शे, त्यासनीच सांगं, म्हणजे छगननेच सांगितलंय. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. विचारलं होतं ना त्या दिवशी.

४ जून, सकाळ

वहीत आजच्या पानावर माझं नाव. अक्षर छगनचं. पुढे, पूर्ण. ठिकाण, ही खोली. खोडून अर्धी लिहिलं — शाई पुसली जाते — पुन्हा पूर्ण —

दुपार

दार उघडत नाही. लीलाधरभाऊ बाहेरून ढकलतायत, विचारतायत आत काय घोंगावतंय — म्हणजे त्यांनाही ऐकू — खिडकीबाहेर ऊन — पत्र्याचे खिळे एकेक —

अक्का, ही पानं खिडकीतून त्यांच्याकडे टाकतो. संघाच्या लोकांसमोर वाचून दाखव. चूक छगनची नव्हती. मी सांगितलं होतं, मी — मिळाल्याचं लवकर लिही. माझ्या नावाने नको, तानुबाईच्या नावाने लिही, तिला सांग की मी —