डावीकडे कललेले टाके

ताई,

हे पत्र मी टाकणार नाहीये, म्हणून खरं लिहिते.

मालक मला तपासनीस करायला निघाले होते. म्हणजे सुई खाली ठेवायची, इतरांनी रफू केलेले कोट उजेडात धरायचे आणि रफू दिसला की तिथे खडूने खूण करायची. पगार जास्त, मानेला आराम. नाही म्हणायला जीभ रेटेना. पण ताई, दोरा दोरा विणत भोक दिसेनासं होतं ना, तेव्हा जिवाला जे बरं वाटतं, ते खडू हातात धरून कसं वाटणार?

आज त्यांनी माझी परीक्षा घेतली. तिसऱ्या कोटाच्या बाहीवरचा रफू लांबूनच दिसत होता. मी खूण केली आणि मग पाहिलं, टाके डावीकडे कललेले. आपल्यात डावखुरी तू एकटीच. परवा सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेतलास, तेव्हाच तुझी नजर कमी झालीय हे मला कळायला हवं होतं.

मालकांनी विचारलं, "हा कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं.

"मग राहू दे," ते म्हणाले. बढती गेली.

तुझं काम जाऊ नये म्हणून खोटं बोलले, की माझी सुई सुटू नये म्हणून, माझं मलाच कळत नाही. दमलेय गं. माझी बढती हुकली म्हणून उद्या तू मालकांना शिव्या घालशील, त्या मुकाट ऐकून घेईन.

तो कोट आता माझ्या मांडीवर आहे. तुझा रफू उसवून नव्याने भरतेय. टाके मात्र डावीकडेच कलते ठेवलेत.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
धाकटी