ऋतिका राहते कुठे, याविषयी व्याह्यांस

राहनाळ, मंगळवार

सावळाराम व्याहीबुवांस काळूरामचा रामराम.

तुमचा गुडघा आता बरा असेल. (कोर्टात आपण समोरासमोर असलो तरी गुडघ्याशी माझं वैर नाही.) आमच्याकडे सगळे खुशाल. सगळे म्हणजे नक्की किती, ते पुढे येईल.

नवराबायकोचं बिनसल्यावर तुमच्या देवेशरावांनी दिवाळीच्या सुटीला सुरतेला नेलेली ऋतिका परत धाडली नाही, म्हणून आमच्या सुकन्येने ठाण्याच्या कोर्टात अर्ज केला. पोर सुरतेत राहते, सबब खटला सुरतेतच चालावा, ही तुमच्या वकिलाची हरकत. आमचा वकील म्हणाला, पोर एरवी जिथे राहते तिथलं कोर्ट. तिचं राहणं इथलंच हे दाखवा. त्याला हवा होता शाळेचा दाखला वगैरे. आम्ही पडलो उत्साही! हौसा रोज नातीचं ताट मांडू लागली. सुकन्या तिचे फ्रॉक धुऊन दोरीवर घालू लागली. मी गोदामातली ड्युटी संपवून येताना बिस्किटपुडा आणायचो आणि ओट्यावरून "ऋतिकाऽ" अशी हाक मारायचो, आळीभर ऐकू जाईल अशी. (साक्षीदार तयार करण्यात मी कुणाला हार जाणारा नाही.)

साक्षीदार जरा जास्तच तयार झाले. समोरची जानकीबाई म्हणाली, "पोरगी कवा आली रं काळूराम? मघा वट्यावर बसलेली, पन बोलली न्हाय." मी खूश होऊन वकिलाला फोन लावला. मग वाळत घातलेले फ्रॉक संध्याकाळी मळलेले निघू लागले. बिस्किटं संपू लागली. कुत्रा ओट्यावर चढेना. परवा मी सवयीने हाक मारली, तर आतून "आले" असं उत्तर आलं. व्याहीबुवा, मी घाबरलो. एका पायात चप्पल घालून रस्त्यावर उभा राहिलो. आवाज तिचाच होता, फक्त त्यात हसू नव्हतं.

वकिलाला सांगितलं, तर म्हणतो हे कोर्टापुढे बोलू नका.

विहीणबाईंना नमस्कार. राग तारखेपुरताच ठेवा.

आपला व्याही,
काळूराम

ता. क. खटला खुशाल सुरतेत चालवा, हरकत नाही. फक्त ऋतिकेला घेऊन एकदा लगेच या. मला माझी नात हवी आहे, हाकेला ओ देणारं काहीतरी नको.

आणखी एक. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सुकन्या बोलली नाही, ते तुम्हाला लागलं असेल. फोन मीच तिच्यापुढे धरला होता. पडद्यावर ऋतिका "आई, आई" करत होती. सुकन्या मांडीवर कुणाला तरी थोपटत होती. मला म्हणाली, "बाबा, तो बंद करा. आत्ता झोपलीय ती."