आईच्या ऑपरेशनचा कागद

कराड, ४ ऑगस्ट २००३

चि. रुचिरा हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलता येत नाही, तुझे बाबा तिथेच पेपर वाचत बसतात. पिशवी काढून चार महिने झाले, जखम भरली. पण बाई गं, मला काय झालंय कळत नाही. नुसती बसून राहते, नाहीतर भाजी निवडताना रडते. खरं सांगू? परवा तुझं पत्र आलं आणि मला काहीच वाटलं नाही. आई ना मी तुझी? वेड तर लागत नाहीये?

तब्येतीला जप.
आई

चेन्नई, १२ ऑगस्ट

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

वेडबिड काही नाही हं! रिकामपणाचे खेळ सगळे. भजनी मंडळात जायला लाग बघू. इथे उकाड्याने जीव नकोसा झालाय.

तुझी रुचिरा

चेन्नई, १९ ऑगस्ट

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

आधीचं पत्र फाडून टाक. प्रयोगशाळेत मी उंदरांच्या माद्यांचे बीजकोश काढते. त्यांतून येणारं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन थांबलं की मेंदूतलं सेरोटोनिन घटतं. मन थाऱ्यावर ठेवणारं ते एक रसायन. मादी कोपरा धरून बसते. काल पिंजरे धुणाऱ्या धनलक्ष्मीअम्मा म्हणाल्या, पोटातलं सगळं काढल्यावर त्यांची बहीणही अशीच बसायची. पिशवीबरोबर तुझे बीजकोशही काढलेत का? ऑपरेशनचा कागद बघ. दोन वर्षं हेच करतेय, आणि तुला एका शब्दाने विचारलं नाही. लाज वाटते गं.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
रुचिरा

कराड, २७ ऑगस्ट

चि. रुचिरा हिस आशीर्वाद.

कागद सापडला. दोन्ही काढलेत. सही ह्यांची. म्हणे डॉक्टर म्हणाले, आता त्यांचा काय उपयोग! मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मग माझी माया त्या दोन गाठींत होती का गं? तुला वाढवलं ते मी, की त्यांनी? तुझ्या माद्या पुन्हा पहिल्यासारख्या होतात का? खोटा धीर देऊ नकोस.

आई

चेन्नई, ४ सप्टेंबर

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

इस्ट्रोजेन टोचल्यावर बऱ्याचजणी होतात, सगळ्या नाही. का, ते आम्हालाही कळलेलं नाही. बायकांना इस्ट्रोजेनच्या गोळ्या द्याव्यात की नाही, यावर डॉक्टरांतच दोन मतं आहेत. दसऱ्याला येते, दोघी जाऊन विचारू. माया कुठे असते ते मला ठाऊक नाही, आई.

तुझीच,
रुचिरा

कराड, १२ सप्टेंबर

चि. रुचिरा हिस आशीर्वाद.

आज मेतकूट दळून तुला पार्सल केलं. करताना आनंद झाला नाही. तुझी आठवण आली असंही लिहिणार नाही, खोटं कशाला? पण तुला हिंग सोसत नाही, म्हणून हिंगाच्या डबीत घातलेला चमचा मी रिकामाच बाहेर काढला. आत काही वाटत नसताना हे कुणाच्या लक्षात राहिलं, तुला कळलं तर लिही.

आई