लाल टेकडीवर कोकलणारं मशीन

बहिणीच्या घरी हे धातू हुडकायचं मशीन पाठवायला तुला काय धाड भरली होती रे धाकट्या? आशीर्वाद मागाहून देते, तब्येतही मागाहून विचारते (खोकला गेला असेलच, तुला काय होतंय!), आधी ऐक. तू नवं मशीन घेतलंस आणि जुनं, "भाऊजी, रिकाम्या वेळी सोनं शोधा," म्हणून आमच्या गळ्यात मारलंस. आता सगळा वेळच रिकामा झालाय. बावीस दिवस झाले, तुझ्या भाऊजींनी घड्याळदुरुस्तीचं दुकान उघडलेलं नाही. गाळ्याचा मालक दारात येऊन सांगून गेला, शुक्रवारी दुकान उघडं दिसलं नाही तर शनिवारी गाळा चावीवाल्याला देणार. आणि हे तेव्हा कुठे? टेकडीवर, कानाला त्या मशीनची डबडी लावून.

टेकडी लाल, मातीत सगळं लोखंडच. मशीनची थाळी जमिनीवर नेली की ते कोकलतं आणि हे खणतात. निघतो दगड. काळा, जड, गंजल्यासारखा. तो थाळीखाली धरला की पुन्हा कोकलतं, म्हणून ह्यांना वाटतं आत सोनं आहे. मग दगड घरी येतो. पलंगाखाली दगड, पिठाच्या डब्यामागे दगड, न्हाणीत बसायला जागा नाही. एक फोडला, तर आतही दगडच! मी म्हटलं, "अहो, ते मातीला ओरडतंय." तर म्हणे, "तुला यंत्रातलं काय कळतं?" चौथीत शाळा सोडली मी, पण दगड कळतो मला.

शेवटी ओढ्यावर परातीत वाळू धुऊन सोन्याचे कण काढते त्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "बाई, मशीनला जमिनीची सवय लावावी लागते. थाळी वर-खाली करायची आणि बटण फिरवत राहायचं, आवाज एकसारखा लागेस्तोवर. माती बदलली की पुन्हा पहिल्यापासून." घरी येऊन बघते तर बटणावर गोंदाचा टणक थेंब! ह्यांनी मशीन मागच्या दारी, बांधकामाच्या वाळूवर एकदाच जुळवलं आणि बटण हलू नये म्हणून वर गोंद टाकला. घड्याळाचा स्क्रू बसवला की करतात ना, तसं. एकदा लावलेलं हलता कामा नये! अरे, तीस वर्षं ज्या सवयीनं पोट भरलं, तिनंच आम्हाला दगडात पुरलं. हे सांगितलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. थकले रे मी. रुसून पडायचं म्हटलं तरी घरात पाय पसरायला जागा नाही.

तुझं मात्र ऐकतील. "हे सोनं नव्हे, मुकाट्यानं दुकान उघडा," एवढं लिही. खोकल्याला जप, आशीर्वाद आहेतच.

तुझी ताई

ता. क. काल हे दगड धुवायला ओढ्यावर गेले, तेव्हा मी सुरीनं गोंद खरवडला आणि मशीन घेऊन वर गेले. म्हातारीनं सांगितलं तसं केलं. सगळी टेकडी गप्प! दीड तास हिंडले, चूं नाही. तिथंच बसून रडले. बावीस दिवस मातीत गेले, ह्याची आता खात्रीच झाली.

आणखी एक. उतरताना वाकड्या झाडाशी आवाज आला. कोकलणं नव्हे, डासासारखा बारीक. पुन्हा सवय लावली, तरी तिथंच. हातभर खणलं तर वाढला. माती परत लोटली, वर पाला टाकला आणि बटण पहिल्या जागी फिरवून, वर गोंदाचा ताजा थेंब लावून मशीन होतं तिथं ठेवलं. ह्यांना बोलले नाही, हे खणायला लागले की गावभर कळतं. अजून किती खोल जायचं आणि दगड नाही हे कसं ओळखायचं, ते मला लिही. ह्यांना दुकानाचं लिहिशील ते जरा जरबेनं लिही, दिवसभर तिकडे गुंतल्याशिवाय मशीन माझ्या हाती लागायचं नाही. गुरुवारपर्यंत दोन्ही पत्रं आली पाहिजेत. वेगवेगळ्या पाकिटांत.