बिनकडीचे पैंजण

कोल्हापूर,
रविवार, ता. २१ सप्टेंबर २००३

तीर्थस्वरूप राजमती अक्कास,

धाकट्या जयपालचा जय जिनेंद्र, आणि पायांवर डोकं. (एवढा वाकलेला बघून तुला शंका आली असेलच. ती बरोबर आहे.)

इकडं आम्ही सगळे ठीक. तुझा गुडघा कसा आहे? गेल्या खेपेला दिलेलं तेल लावतेस, की बाटली कोनाड्यात ठेवून नुसती तिच्याकडं बघतेस? खरं तर फोनच केला असता, पण तुमच्याकडं फोन दाजी उचलतात, आणि दाजी आधी चांदीचा भाव सांगतात, मग हुपरीत पाऊस किती झाला ते सांगतात, आणि मग ‘बरं, ठीवू का?’ म्हणून ठेवूनच देतात. शिवाय जे सांगायचंय ते उभ्यानं ऐकण्यासारखं नाही. तेव्हा चष्मा लाव, भिंतीला टेकून बस आणि मग पुढं वाच.

राखीला आलो तेव्हा ‘सुनेला पसंत पडतात का बघतो’ म्हणून तुझ्याकडचे चार जोड पैंजण घेऊन गेलो होतो, आठवतं ना? तू दोनदा निरोप पाठवलास, मी दोन्ही वेळा ‘सुनेचं अजून ठरत नाही’ असं कळवलं. बिचारी सून काय ठरवणार, तिला मी ते दाखवलेलेच नाहीत. ते मी माझ्या शिक्षणासाठी नेले होते. होय, शिक्षणासाठी. तुझा त्रेपन्न वर्षांचा भाऊ जूनपासून कॉम्प्युटरच्या क्लासला जातो, आणि तो पास होणार की नापास हे आता संपूर्ण तुझ्या हातात आहे. कसं, ते क्रमानं सांगतो. (शेवट आधी वाचू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे.)

झालं असं, की डिजिटल कॅमेरे आल्यापासून आपल्या स्टुडिओत गिऱ्हाईक येतं ते पासपोर्ट फोटोपुरतं. लग्नाची ऑर्डर विचारायला आलेला पहिलाच प्रश्न करतो, ‘अल्बममध्ये मागं डोंगर, ढग असलं काय घालून देता काय?’ मी म्हणायचो, कार्यालयात डोंगर नव्हता तर फोटोत कुठून आणू? मग तो चहा पिऊन निघून जायचा तो कायमचाच. शेवटी मे महिन्यात अभिनंदन म्हणाला, ‘पप्पा, दिवाळीपत्तोर कॉम्प्युटर शिका, न्हाय तर गाळा मोबाइलवाल्याला दिऊया.’ पोरगा वाईट नाही गं, बोलताना खाली बघत होता. पण एकतीस वर्षं ज्या जागेत मी कॅमेऱ्यामागं उभा राहून ‘हनुवटी वर’ म्हणालो, तिथं कुणी मोबाइलची कव्हरं विकणार म्हटल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी राजारामपुरीत जाऊन फोटो सुधारणं आणि वेबसाइट बनवणं अशा जोड कोर्सला नाव घालून आलो. शेवटी पास झालं की प्रमाणपत्र मिळतं आणि क्लासवालेच अल्बमची कामं देतात. म्हणजे पास झालो तर स्टुडिओ राहतो, नाही झालो तर नाही. हिशेब इतका साधा आहे.

क्लास दुसऱ्या मजल्यावर. बसदीत दर्शनाला जाताना काढतो तशा चपला दाराशीच काढायच्या, आणि आत थंडी अशी, की मी पहिल्या आठवड्यातच कानटोपी नेली. बाकीची सगळी मुलं एकोणीस-वीस वर्षांची. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी कुणाच्या तरी तक्रारीवरून आलेला पालक आहे, म्हणून तिघंजण उठून बाहेर गेले. शिकवणारी भूमिका मॅडम तेवीस वर्षांची. (हिच्या बारशाचे फोटो मीच काढलेले. हे तिला सांगितल्यावर ती मला फार धाक दाखवू शकत नाही, हा एकच फायदा.) क्लास सहाला, आणि चातुर्मास सुरू झाल्यावर सूर्यास्ताच्या आत जेवणं भाग. मशीनजवळ खायला बंदी, म्हणून साडेसहाला मी जिन्यात बसून डबा खातो. आता निम्मा वर्ग त्या वेळी जिन्यात असतो, कारण तुझ्या भावजयीची शेंगदाण्याची चटणी त्यांना फोटोशॉपपेक्षा लवकर समजली.

मला समजायला वेळ लागला. एकतीस वर्षांची सवय, निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची, टोक जिभेला लावायचं, फुंकर मारायची. इथंही मी बोट जिभेला लावून माउसवर ठेवतो. शेजारची मुलगी आता माझ्या माउसला हात लावत नाही. आणि पडद्यावर डाग दिसला की मी फुंकतो. तो डाग फोटोतला असतो, फुंकून जात नाही, पण फुंकल्याशिवाय मला चैन पडत नाही. मात्र एक गोष्ट मला फार आवडली. दोन बटणं एकदम दाबली, की केलेली चूक मागं जाते. अक्का, मी निगेटिव्हवर ब्लेड चालवताना श्वास रोखून धरायचो, हात एवढासा हलला तर नवरीचं नाक गेलंच. आणि इथं चूक करायची, मागं न्यायची, पुन्हा करायची! पहिले चार दिवस मी नुसत्या चुका करून मागं नेत होतो.

पहिला प्रोजेक्ट होता वर्गाचा ग्रुप फोटो. अंधारात आलेला, तो नीट करून आणायचा. मी म्हटलं, हे तर आपलं घरचं काम. रात्रंदिवस खपून सगळ्यांना गोरं केलं, मुरमं काढली, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली, दोघांचे दात सरळ केले. तो मोठ्या पडद्यावर लावला. मग मागच्या बाकावरची धनश्री म्हणाली, ‘काका, माझा तीळ कुठं गेला? आईला तो दिसला न्हाय तर ती मला वळखायची न्हाय.’ सगळे हसले, मीही हसलो, पण पोरगी हसत नव्हती. मॅडम हळूच म्हणाल्या, ‘काका, उजेड वाढवा म्हटलं हुतं. माणसं बदला असं न्हवतं म्हटलं.’ मला राग आला. एकतीस वर्षं लोक तीळ काढायचे पैसे देतात आणि ही कालची पोर! तरी तीळ परत बसवला. जरा डाव्या बाजूला बसला, पण तिनं चालवून घेतला.

आता शेवटचा प्रोजेक्ट, पन्नास मार्कांचा, म्हणजे पास-नापास तिथंच. एका खऱ्या धंद्याची वेबसाइट करायची. कुणी मिसळीचं हॉटेल घेतलं, कुणी कुस्तीची तालीम घेतली. मी छाती काढून सांगितलं, माझ्या बहिणीच्या घरी चांदीचे पैंजण होतात. आणि तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू ‘दाजींना विचार’ म्हणाली असतीस आणि दाजींनी चांदीचा भाव सांगितला असता.

पैंजण काळ्या मखमलीवर गोल मांडले, दोन दिवे लावले, फोटो देखणा आला. फक्त एक गोष्ट डोळ्यांत खुपत होती. जिथं पैंजण अडकवायची ती कडी. गोलाई छान चाललेली, घुंगरू एका ओळीत, आणि मध्येच हे जाडसर, जोडाजवळ काळवंडलेलं काहीतरी. फोटोशॉपमध्ये एक शिक्का असतो, फोटोतला एक तुकडा उचलायचा आणि दुसरीकडं मारायचा. मी शेजारचे घुंगरू उचलले आणि कडीवर मारले. पाच मिनिटांत कडी गायब, घुंगरू गोल फिरून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळालेले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. (त्या दिवशी चटणी नव्हती, म्हणजे टाळ्या खऱ्या होत्या.) वेबसाइट चढली, आणि नवव्या दिवशी इंदूरच्या एका नृत्यशाळेच्या बाईंचं ई-पत्र आलं. त्यांच्या मुलींच्या पैंजणांच्या कड्या नाचताना निसटतात, पायाला टोचतात. तुमचे हे बिनकडीचे पैंजण फार आवडले, चोवीस जोड पाहिजेत. मी आनंदाच्या भरात ‘जरूर’ असं कळवून मोकळा झालो. सगळ्या वर्गाला पेढे वाटले, जिन्यात.

त्यानंतर चार दिवसांनी जोतीराम माल घेऊन सराफांच्या गुजरीत आला होता, तो जाता जाता स्टुडिओत डोकावला. मी त्याला मोठ्या ऐटीत फोटो दाखवला. तुझा कारागीर, त्यानं मान तिरकी करून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘काका, ह्ये घालायचं कसं? टाच कापून?’

अक्का, तोवर हा विचार माझ्या डोक्याला शिवलाच नव्हता. मी फोटो जवळ ओढून पुन्हा बघितला. पण त्यानं पुढं जे विचारलं ते जास्त लागलं. म्हणाला, ‘आनि अक्कांची कडी कुठं हाय?’ मी म्हटलं, अक्कांची म्हणजे? तर तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसा मी परगावचा पावणा आहे. ‘म्हंजे तुमास्नी म्हाईत न्हाय? पट्टी मी वळतो, वजन दाजी करत्यात, पन कडी अक्कांच्या हातची. तीस वरसं झाली, एक सुटून आली न्हाय. गुजरीतलं यापारी पैंजण उलटं धरत्यात, कडी बगत्यात आन मगच माल ठिवून घेत्यात.’

मला माहीत नव्हतं गं. तीस वर्षं मी तुझ्या घरी येतो, पोळ्या खातो, तू ज्योतीपुढं बसून काहीतरी जोडत असतेस ते बघतो, आणि बाहेर कुणी विचारलं तर सांगतो, दाजींचा पैंजणाचा धंदा आहे, अक्का हातभार लावते. हातभार! अख्ख्या पैंजणात तुझी म्हणून एकच गोष्ट, ती मी वाईट दिसते म्हणून पुसून टाकली, वर टाळ्या घेतल्या. त्या दिवशी जोतीराम गेल्यावर मी स्टुडिओ लवकर बंद केला. मला फार वाईट वाटलं, आणि ते लिहायला लाज वाटत नाही.

क्लासला जाऊन ती दोन बटणं दाबली. काही झालं नाही. मॅडम म्हणाल्या, फाइल जतन करून बंद केली की मागं जाता येत नाही. (हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. त्या म्हणतात, सांगितलं होतं, तुम्ही जिन्यात होता.) मग मी पैंजण पुन्हा मांडले, या वेळी उलटे, आणि फोटो काढला तो नुसत्या कडीचा. काळवंडलेला जोड आहे तसा, हातोडीचा ठोका आहे तसा. आता वेबसाइट उघडली की पहिल्या पानावर पडदाभर तुझी कडीच दिसते, बाकी पैंजण पुढच्या पानावर. इंदूरच्या बाईंनाही खरं काय ते कळवलं, की बिनकडीचे पैंजण जगात कुणाला घालता येणार नाहीत, चूक माझ्या हाताची आहे, आणि आमच्या कडीची गोष्ट अशी आहे. वाटलं, ऑर्डर गेली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘न सुटणारी कडी असेल तर आम्हाला तीच पाहिजे.’ मॅडमनी पहिलं पान बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘काका, आता तुमचा हात बसला.’

तर असं आहे. दाजींना माझा नमस्कार सांग, पोरांना पाठीवर एक एक थाप दे, जोतीरामला सांग की टाच शाबूत आहे. रागावली असशील तर सगळा राग पत्रानंच काढ, फोनवर नको.

तुझा,
जयपाल

ता. क. – सोबत एक फॉर्म आहे. वेबसाइटवरचं सगळं खरं आहे, असं मालकानं लिहून द्यायचं आहे. येत्या शनिवारच्या आत तो आला तरच मार्क, नाही तर शून्य. ‘मालक’ लिहिलंय तिथं दाजींची नको, तुझी सही पाहिजे. दाजी विचारतील कशाला, तर सांग भावानं मागितली.

ता. क. दुसरा – चार जोड सुखरूप आहेत असं मी वर कुठं म्हटलेलं नाही, नीट बघ. एक जोड इंदूरला नमुना म्हणून गेला.

ता. क. तिसरा – वेबसाइटवर एक चौकोन अजून रिकामा आहे, बनवणाऱ्याच्या फोटोचा. तुझा फोटो शोधायला काल सगळे खण उपसले. लग्नातला, बारशातला, अभिनंदनच्या लग्नातला, अठरा फोटो सापडले आणि अठराही माझ्याच हातचे. एकातही तुझे हात नाहीत. मग आठवलं, दर वेळी कॅमेऱ्यामागून मीच ओरडायचो, ‘अक्का, हात काळे दिसतायत, पदराखाली घे.’ आणि तू घ्यायचीस. तेव्हा फॉर्म पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं, कामावरून उठशील तशीच, हात न धुता. दिवे लावून ठेवतो.