छप्पन्न पौंड

ठकूबाई,

हे पत्र तुझ्या हातात द्यायचं धाडस होणार नाही, म्हणूनच सगळं खरं लिहितोय.

पंधरा वर्षांची असल्यापासून तू बजावायचीस, "बाबा, रॅकेटच्या तारा छप्पन्न पौंडांवरच ताणा." मी मान डोलवायचो आणि मशीन बावन्नवर लावायचो. कडक तारांचा झटका थेट कोपरात जातो, आणि तुझं कोपर आईसारखं नाजूक. तू जिंकायचीस आणि चारचौघांत सांगायचीस, "छप्पन्न ताणावं तर आमच्या बाबांनीच!" मी आपला गालातल्या गालात हसायचो.

मग तू देशोदेशी टेनिस खेळायला लागलीस. तिथल्या कारागिरांना छप्पन्न सांगितलंस आणि त्या भल्या माणसांनी छप्पन्नच ताणलं. दोन वर्षांत कोपर गेलं. फोनवर म्हणालीस, "तुमच्यासारखा हात कुणाचाच नाही, बाबा." हात कसला गं, आकडा खोटा होता! तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कारागीर म्हणून लाज वाटली आणि जीभ रेटेना.

खेळ सोडल्यावर परवा पहिल्यांदाच तू दुकानात रॅकेट घेऊन आलीस. "छप्पन्न हं, बाबा. आता नुसतं मजेपुरतं." म्हटलं, तोंडाने नाही तर रॅकेटने तरी खरं सांगू. या वेळी खरोखर छप्पन्न ताणलं.

तू मागच्या भिंतीवर चार फटके मारलेस, कोपर चोळलंस आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणालीस, "असू दे, बाबा. वयानुसार कारागिराचा हात बिघडतोच."

तुझा,
थापाड्या बाबा