उरलेल्या सागाचा ट्रे

प्रिय अँथनी,

आज इब्राहिमभाई घरी आले, म्हणून हे लिहायला बसले. तुझ्या वर्कशॉपचे फोरमन, पण दारातच अवघडून उभे! गोणी खाली ठेवून म्हणाले, "भाभी, उसने चुन-चुन के रखा था. स्क्रॅप में कैसे डालूं?" पाणीही न घेता गेले.

गोणीत सागाच्या पट्ट्या होत्या. अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर तुम्ही बसवलेल्या किचनांतून उरलेल्या. कुणासाठी ठेवल्या होत्यास रे? सांगून तरी जायचंस!

रविवारी बाल्कनीत तुझं हेच चालायचं. पट्ट्या चिकटवायच्या, क्लॅम्प आवळायचे, कडा बसवायच्या. पॉलिश पेपर घासायचं काम माझं. शारजातल्या आपल्या अर्ध्या बिल्डिंगमध्ये तुझ्या ट्रेमधून चहा येतो आणि आपल्या घरात एकही ट्रे नाही! "यल्ला, चल, आधी हा देऊन येतो, आपला नंतर." मला राग यायचा. अजून येतो.

छातीतलं दुखणंही असंच नंतरवर टाकलंस ना? सकाळी डबा घेऊन गेलास आणि दुपारी मला फोन आला. वर्कशॉपमध्येच कोसळलास. इब्राहिमभाई तुझ्याजवळ होते, एवढंच कळलं.

तुला वसईच्या मातीत ठेवून आम्ही दोघी परत आलो. माझी नोकरी, रियाची शाळा. तेव्हापासून आपल्या लेकीनं 'डॅडी' हा शब्द उच्चारलेला नाही.

आज मीच फेविकॉल लावून पट्ट्या जुळवायला घेतल्या. रिया येऊन बघत राहिली.

"ममा, इट्स नॉट स्ट्रेट."

"मग तू धर."

तिनं धरलं. मी कडा घासत राहिले, जोरजोरात. एकदम तिनं माझं मनगट पकडलं.

"स्टॉप, ममा. डिड ही कॉल फॉर अस?"

इब्राहिमभाई मघाशी समोर उभे होते, तरी विचारायचं धाडस झालं नाही. वाटलं, तू हाक मारली असशील तर ती ऐकायला आम्ही नव्हतो. आणि मारली नसशील तर?

"माहीत नाही गं," म्हटलं. ती माझ्या कुशीत शिरून रडली. ओल्या फेविकॉलनं तिचे केस माझ्या बाहीला चिकटले, तरी हलली नाही.

अँथनी, उद्या मी वर्कशॉपवर जाईन. इब्राहिमभाईंना विचारीन. ते जे सांगतील, ते रियाला जवळ घेऊन सांगेन, जसंच्या तसं. हे माझं तुला वचन.

तुझीच,
लीना